चिंध्यांचे पानिपत

(पक्षसभासदांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



मराठी भाषेत 'पानिपत' हा शब्द पराभवाचा पर्याय होऊन बसला आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी त्या रणभूमीवर जे घडले, ते अडीचशेहून अधिक वर्षे लोटली तरी मराठी माणसाच्या बोलण्यातून गेलेले नाही. परंतु हरयाणातील त्याच पानिपतात गेली कित्येक दशके एक निराळीच झुंज चालू आहे. तिची बखर कोणी लिहीत नाही. जगातील श्रीमंत देशांनी अंगावरून उतरवून फेकलेले कपडे तेथे गाठोड्यांनी येऊन पडतात, आणि हजारो स्त्री-पुरुष कामगार त्यांच्या चिंध्या करतात, त्या चिंध्यांचे सूत करतात आणि त्या सुताची ब्लँकेटे विणतात. फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या निर्वासित विणकरांनी वाढवलेल्या ह्या गावाला आज जग टाकाऊ कपड्यांची राजधानी म्हणून ओळखते.

ह्या धंद्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. परदेशांतून आलेले जुने कपडे गुजरातेतील कांडला येथील विशेष आर्थिक क्षेत्रात निवडले जातात. त्यांतले वापरण्याजोगे बाजूला काढून मुख्यतः आफ्रिकेकडे रवाना होतात. जे कातरून निकामी केले, ते चिंध्या म्हणून पानिपतला येतात. तेथे बाया जमिनीवर बसून बटणे, चेन व लेबले कापून काढतात, उभ्या पात्यावर कापड फाडतात आणि रंगवार ढीग लावतात. लालाचा ढीग निराळा, निळ्याचा निराळा. त्यामुळे पुढे बहुधा रंगवण्याची गरज पडत नाही, रंगाचे पाणी नदीत जात नाही. मग दातेरी रुळांच्या यंत्रात ते कापड पिंजून त्याचे तंतू करतात आणि ते कातून जाडेभरडे सूत निघते. ह्या सुताला इंग्रजीत 'शॉडी' म्हणतात. भूकंप, पूर, युद्ध ह्यांत बेघर झालेल्या माणसांच्या खांद्यावर मदतसंस्था जी स्वस्त ब्लँकेटे टाकीत आल्या, त्यांतली कितीतरी ह्याच सुताची असत.

२०१२ साली मेघना गुप्ता ह्यांनी ह्या कामगार स्त्रियांवर 'अनरॅव्हल' नावाचा एक लघु माहितीपट केला. त्यातील बायांना एक कोडे पडलेले आहे: जेमतेम वापरलेले, धडधाकट कपडे तिकडचे लोक टाकून का देतात? त्यांनी आपापसांत त्याचे एक उत्तर शोधले आहे. त्या देशांत पाणी फार महाग असले पाहिजे. कपडे धुण्यापेक्षा नवे घेणे परवडत असले पाहिजे. सुशिक्षित प्रेक्षक ह्या उत्तरावर हसतो. वस्तुतः त्यात हसण्यासारखे काही नाही. कष्टकरी स्त्रीच्या मनात वस्तू ही वापरासाठी असते. धडके कापड फेकण्यामागे काहीतरी सयुक्तिक कारण असलेच पाहिजे, असे ती धरून चालते. असे कोणतेही सयुक्तिक कारण नाही, कापड वापरासाठी नव्हे तर विकण्यासाठीच निघालेले असते, ही गोष्ट तिच्या कल्पनेबाहेरची आहे. ह्याच गोष्टीचा विचार येथे करावयाचा आहे.

मार्क्सच्या नजरेतून चिंधी

चिंध्यांचा हा व्यापार नवा नाही. इंग्लंडमधील बॅटली येथे बेंजामिन लॉ ह्याने १८१३ साली जुन्या लोकरी चिंध्यांपासून सूत काढण्याची युक्ती शोधली, आणि यॉर्कशायरच्या त्या टापूत ह्या धंद्याचे मोठे केंद्र उभे राहिले. 'भांडवल'च्या तिसऱ्या खंडात उत्पादनातील टाकाऊ द्रव्यांचा पुन्हा वापर कसा होतो, ह्याचे विवेचन करताना मार्क्सने ह्या सुताचाच दाखला घेतला आहे. १८६२ च्या अखेरीस इंग्लंडमधील उद्योगांत खपणाऱ्या लोकरीचा एक तृतीयांश भाग असल्या पुनर्जन्म घेतलेल्या लोकरीचा होता, असे त्याने नमूद केले. टाकाऊतून टिकाऊ करण्याची आवड भांडवलदाराला नसते. कच्चा माल महागला की त्याची नजर उकिरड्याकडे वळते, हा त्या विवेचनाचा मथितार्थ होय.

१८६७ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या खंडात त्याच चिंधीची दुसरी बाजू आहे. चिंध्या निवडण्याचे काम हे सर्वांत घाणेरडे, सर्वांत कमी मजुरीचे आणि प्रामुख्याने मुली व स्त्रिया ह्यांच्या गळ्यात पडणारे काम आहे, आणि त्या चिंध्यांतून येणाऱ्या देवी व इतर साथींना प्रथम बळी पडतात त्या ह्याच स्त्रिया, असे मार्क्सने लिहून ठेवले आहे. त्याच ग्रंथात मेरी ॲन वॉकली ह्या वीस वर्षांच्या शिवणकामगार मुलीची हकिकत येते. जून १८६३ मध्ये लंडनच्या उच्चभ्रू स्त्रियांची नृत्यसमारंभाची वस्त्रे वेळेवर तयार व्हावीत म्हणून ती साडेसव्वीस तास अखंड राबली आणि मरण पावली. वस्त्र तयार होताना एका कामगार स्त्रीचा जीव जातो आणि वस्त्राची चिंधी झाल्यावर दुसरीचा. फॅशनच्या लहरीची दोन्हीकडची किंमत कोण मोजते, हे दीडशे वर्षांपूर्वीच स्पष्ट झाले होते.

अतिउत्पादनाचा उकिरडा

त्या काळापासून आजपर्यंत फरक पडला तो मुख्यतः प्रमाणात आणि वेगात. २००० ते २०१५ ह्या पंधरा वर्षांत जगातील कपड्यांचे उत्पादन जवळजवळ दुप्पट झाले. लोकसंख्या काही दुप्पट झाली नाही. वाढली ती फेकण्याची गती. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने दिलेल्या अंदाजानुसार दरवर्षी सुमारे ९ कोटी २० लाख टन वस्त्रकचरा जगात निर्माण होतो. कपड्यासाठी वापरलेल्या मालापैकी पुन्हा नव्या कपड्याच्या रूपात परत येतो तो १ टक्क्याहूनही कमी. पूर्वी वर्षात दोन-चार मोसम असत. आता बड्या कंपन्या दर आठवड्याला नवे नमुने दुकानात लावतात, म्हणजे गेल्या आठवड्यातला नमुना आपोआप जुना ठरतो. कापड विरण्याआधीच कपडा जुना करणे, हीच ह्या व्यापाराची खरी क्लृप्ती आहे.

न खपलेल्या मालाचे काय होते? २०१८ साली बर्बरी ह्या ब्रिटिश कंपनीच्या वार्षिक अहवालातून उघड झाले की तिने एका वर्षात २ कोटी ८६ लाख पौंड किमतीचा माल नष्ट केला होता. तो स्वस्तात विकला तर नावाची प्रतिष्ठा जाते, म्हणून तो जाळायचा! बोभाटा झाल्यावर कंपनीने ही प्रथा थांबवल्याचे जाहीर केले. १९३० च्या मंदीत ब्राझीलमध्ये भाव टिकवण्यासाठी कॉफी जाळली गेली, ती कथा अभ्यासवर्गांतून नेहमी सांगितली जाते. ती इतिहासजमा झालेली नाही, एवढाच ह्याचा अर्थ.

आणि हा स्वस्त माल स्वस्त का असतो? २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळची राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली आणि ११३४ माणसे मृत्युमुखी पडली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. खालच्या मजल्यावरची बँक बंद ठेवण्यात आली. वरच्या मजल्यांवरच्या शिवणकामगारांना मात्र कामावर बोलावण्यात आले, कारण परदेशी मागणीची मुदत भरत आली होती. त्या ढिगाऱ्यातून युरोप-अमेरिकेतील प्रसिद्ध नावांची लेबले निघाली. टाकून देण्याइतका स्वस्त कपडा हवा असेल, तर तो शिवणाऱ्याचा जीवही तितकाच स्वस्त ठेवावा लागतो.

देशातील चित्र

ही सारी पाश्चात्त्यांची चैन, तिच्याशी येथील श्रमिकांचा काय संबंध, असा प्रश्न काही कार्यकर्ते विचारतात. २०२२ साली झालेल्या एका पाहणीनुसार भारतात दरवर्षी सुमारे ७८ लाख टन वस्त्रकचरा जमा होतो. त्यात बाहेरून आयात झालेला कचरा जेमतेम ७ टक्के भरतो. ५१ टक्के देशातल्या घरांतून निघतो, आणि ४२ टक्के कचरा हा कपडा ग्राहकाच्या हाती पडण्यापूर्वीचा असतो. सूतगिरणीतील, मागावरील आणि शिवणखात्यातील कातरण, नापास झालेला आणि पडून राहिलेला माल त्यात येतो. हा शेवटचा आकडा प्रत्येक कार्यकर्त्याने ध्यानात ठेवावा. शंभरांतील बेचाळीस भाग कचऱ्याला कोणाही गृहिणीची उधळपट्टी कारण नाही. तो मालकाच्या जागेत, मालकाच्या नियोजनामुळे निर्माण होतो.

धाग्याचाही प्रश्न आहे. २०२३ साली जगात निघालेल्या एकूण तंतूंपैकी सुमारे ५७ टक्के पॉलिएस्टर होते. ते खनिज तेलापासून निघते आणि कापसासारखे मातीत मिसळत नाही. भारतात जून १९८५ च्या वस्त्रधोरणाने सुती व कृत्रिम धाग्यांमधील जुनी बंधने सैल केली, आणि त्यानंतर कृत्रिम कापडाचा पूर वाढत गेला. सुती व कृत्रिम धाग्यांचे मिश्रण असलेले कापड पिंजून त्याचे चांगले सूत होत नाही. त्याचा शेवट बहुधा भट्टीत किंवा कचरापट्टीत होतो. खुद्द पानिपतावरही ही पाळी आली. स्वस्त, मऊ, नव्या पॉलिएस्टर ब्लँकेटांपुढे शॉडीचे ब्लँकेट मागे पडले आणि तेथील अनेक कारखानदारांनी चिंधीचा धंदा सोडून पॉलिएस्टरची यंत्रे बसवली. जुन्याचा उपयोग करणारा उद्योगच नव्याच्या स्वस्ताईने मारला, असा हा न्याय आहे.

तमिळनाडूतील तिरुप्पूरचा धडाही विसरता येत नाही. निर्यातीच्या बनियन-टीशर्टांच्या रंगाईने नोय्यल नदी नासली, शेतकऱ्यांनी न्यायालयात धाव घेतली, आणि जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने शेकडो रंगाई कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. शेतकऱ्यांची तक्रार रास्त होती. पण काम गेले ते मजुरांचे. ज्यांच्यासाठी तो माल रंगवला जात होता, त्या परदेशी खरेदीदारांना त्या आदेशाची झळ लागली नाही. पर्यावरणाचा प्रश्न श्रमिकांच्या संघटनेने हाती घेतला नाही, तर त्याची उत्तरे श्रमिकांच्या पोटावर पाय देऊनच निघतात.

मुंबईचे उदाहरण तर घरचे आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप चिरडला गेला, गिरण्या बंद पडत गेल्या, आणि लोअर परळच्या फिनिक्स गिरणीच्या आवारात आज मॉल उभा आहे. जेथे कापड निघत होते, तेथे आता जगभरच्या कंपन्यांचे तयार कपडे विकले जातात.

सवयी कोणाच्या बदलायच्या?

अलीकडे कपडे कमी घ्या, जुने वापरा, असा उपदेश सर्वत्र ऐकू येतो. गंमत अशी की तो करणाऱ्यांत त्याच बड्या कंपन्या आहेत. दुकानाच्या दाराशी जुने कपडे टाकण्याची पेटी ठेवायची आणि ते टाकणाऱ्याला नव्या खरेदीवर सवलत द्यायची, ही त्यांची पर्यावरणनिष्ठा! दोष ग्राहकाच्या माथी मारून उत्पादनाचा वेग अबाधित ठेवण्याची ही युक्ती होय.

कष्टकरी समाजाला काटकसर शिकवण्याची गरज नाही. नऊवारी लुगडे मध्ये विरले की तो भाग काढून दंड घालायचा. तेही जीर्ण झाले की त्याची बाळासाठी दुपटी करायची. अखेरीस गोधडीच्या थरांत त्याची भर घालायची, ही रीत खेड्यापाड्यांतील प्रत्येक घरात होती. वाढत्या मुलाचा सदरा शिवताना शिवणीत माया सोडणारा शिंपी आणि भांड्यांच्या बदल्यात जुने कपडे नेणारी बोहारीण, हे ह्या व्यवस्थेचे दोन खांब. बोहारणीने नेलेला कपडा दुरुस्त होऊन, धुऊन, इस्त्री होऊन गरिबांच्या बाजारात जातो. दिल्लीच्या रघुबीरनगरात पहाटेच्या अंधारात भरणारा जुन्या कपड्यांचा बाजार आजही ह्याच स्त्रियांच्या श्रमावर उभा आहे. देशातील सर्वांत मोठी पुनर्वापराची यंत्रणा कोणत्याही कंपनीची नसून ती डोक्यावर गाठोडे घेऊन दारोदार फिरणाऱ्या ह्या स्त्रियांची आहे.

तथापि येथे एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. जुन्या वस्त्राचे गोडवे गाताना भारतीय समाजात जुने वस्त्र कोणाच्या अंगावर आणि का आले, हे विसरता कामा नये. मनुस्मृतीने चांडाळांना प्रेतावरची वस्त्रे नेमून दिली होती. उतरलेले कपडे अंगावर घालणे ही कित्येक जातींची निवड नव्हती. ती त्यांच्यावर लादलेली खूण होती. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृतीचे दहन झाले, त्याच वेळी डॉ. आंबेडकरांनी तेथे जमलेल्या स्त्रियांना लुगडे नेसण्याची जातीची खूण सांगणारी पद्धत सोडून देण्यास सांगितले. वस्त्र हा मानवी प्रतिष्ठेचा प्रश्न आहे, हे त्यांनी नेमके ओळखले होते. म्हणून ज्या शेतमजुराच्या मुलीला दिवाळीला एक नवा फ्रॉक मिळतो, तिला कमी खरेदीचा उपदेश करणे हा निव्वळ उद्धटपणा ठरेल. प्रत्येकाला पुरेसे, धड आणि सन्मानाचे वस्त्र मिळणे ही पहिली मागणी; नासाडी थांबवणे ही त्याच मागणीची दुसरी बाजू. एकाच्या कपाटात न वापरलेले पन्नास सदरे आणि दुसऱ्याच्या अंगावर थंडीत पुरेसे पांघरूण नाही, ही दोन चित्रे एकाच उत्पादनपद्धतीने रंगवली आहेत.

पक्षसभासदांचे आचरण

ह्याचा अर्थ वैयक्तिक सवयींना महत्त्व नाही असा काढणे चूक ठरेल. क्रांती झाल्यावर पाहू, असे म्हणत बाजाराच्या प्रवाहात वाहत जाणे कम्युनिस्टाला शोभत नाही. पक्षातही आज पगारदार मध्यमवर्गातून आलेले सभासद पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या घरांतही मोबाइलवर बोट दाबताच कपड्याचे पुडके दारात येते. गरज पाहून घेणे, टिकाऊ व शक्यतो सुती कापड निवडणे, हातमागाच्या सहकारी संस्थांकडून घेणे, उसवलेले शिवून व फाटलेले रफू करून वापरणे, मुलग्यांनाही सुई-दोरा धरायला शिकवणे, आणि द्यायचा तो कपडा स्वच्छ, धड व बटणासकट देणे, ह्या गोष्टी साध्या आहेत. रफू करणे हे केवळ घरातल्या बाईचे काम नव्हे, एवढे जरी पुरुष सभासदांनी कृतीने दाखवले तरी पुष्कळ होईल.

काही आत्मटीकाही आवश्यक आहे. मोर्चे, अधिवेशने व निवडणुका ह्यांत इतर पक्षांचे पाहून एका दिवसापुरते टी-शर्ट, टोप्या आणि प्लॅस्टिकचे फ्लेक्स छापण्याची सवय चळवळीतही शिरली आहे. दुसऱ्या दिवशी ते सारे गटारात दिसते. एके काळी युनियनचा कापडी फलक हाताने रंगवला जाई, सभा संपली की घडी घालून ठेवला जाई आणि पुढच्या संपात पुन्हा बाहेर निघे. ती पद्धत पुन्हा सुरू करायला कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

मागण्या आणि लढा

परंतु खरा लढा उत्पादनाच्या ठिकाणी आहे. फ्रान्समध्ये २०२० साली कायदा झाला आणि जानेवारी २०२२ पासून न खपलेले कपडे नष्ट करण्यास तेथे मनाई झाली. युरोपीय संघानेही २०२४ साली त्याच दिशेने नियम मंजूर केले. भांडवली देशांत जे होऊ शकते, ते येथे का होऊ नये? न खपलेला माल जाळण्यावर व पुरण्यावर बंदी आणि किती माल पडून राहिला ह्याचा जाहीर हिशेब, ही पहिली मागणी असली पाहिजे. प्लॅस्टिक, विजेची उपकरणे आणि टायर ह्यांच्या कचऱ्याची जबाबदारी भारतातील नियमांनी उत्पादकावर टाकली आहे. कपड्याच्या बड्या कंपन्यांवरही ती तितक्याच कडकपणे असावी आणि त्यातून येणारा पैसा चिंधी-कामगारांच्या मजुरीपर्यंत पोचावा.

पानिपतसारख्या ठिकाणी बहुसंख्य कामगार उत्तर प्रदेश, बिहार, बंगालमधून आलेले, ठेकेदाराच्या हाताखालचे व नगावर राबणारे आहेत. पिंजणीच्या यंत्रातून उडणारी धूळ दिवसभर त्यांच्या छातीत जाते. कापसाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या रोगाला कायद्याने व्यवसायजन्य रोग मानले आहे व त्याची भरपाई मिळू शकते. परंतु ज्याचे नाव हजेरीपटावरच नाही, त्याने भरपाई मागावी कोणाकडे? म्हणून नोंदणी, किमान वेतन, राज्य विमा योजनेचे संरक्षण, धूळ ओढून घेणारी यंत्रे आणि नियमित तपासणी ह्यांवाचून पर्यावरणाच्या गप्पा पोकळ आहेत. २९ कामगार कायदे मोडीत काढून आणलेल्या चार श्रमसंहितांविरुद्धच्या लढ्याशी हा प्रश्न सरळ जोडलेला आहे. त्याचप्रमाणे बोहारणी व जुन्या कपड्यांचे फेरीवाले ह्यांना २०१४ च्या फेरीवाला कायद्याखाली ओळखपत्र व जागा मिळवून देणे, हे शहरांतील पक्षशाखांचे काम आहे.

राणा प्लाझानंतर मे २०१३ मध्ये कामगार संघटनांनी बड्या कंपन्यांना कायद्याने बंधनकारक असा सुरक्षाकरार करायला लावला. कारखान्यांची तपासणी होऊ लागली, कंपन्यांना उत्तरे द्यावी लागली. ग्राहकांच्या सद्भावनेने वर्षानुवर्षे जे झाले नव्हते, ते संघटनेच्या दडपणाने काही आठवड्यांत झाले.

उपसंहार

विदर्भातील कोरडवाहू शेतकऱ्याने पिकवलेले बोंड, सुरतेच्या वा भिवंडीच्या मागावरची रात्रपाळी, तिरुप्पूरच्या वा बंगळूरच्या शिवणयंत्रावर वाकलेली पाठ, इतक्या माणसांचे श्रम एका सदऱ्यात साठलेले असतात. तो सदरा दोनदा घालून फेकला जातो, तेव्हा कापडाबरोबर हे श्रमही फेकले जातात. काटकसरीचा खरा अर्थ श्रमाचा आदर हा आहे. आणि श्रमाचा आदर करणारी समाजव्यवस्था नफ्यासाठी धडके कापड जाळणार नाही.

पानिपतच्या त्या बायांना पडलेल्या कोड्याचे उत्तर त्यांच्यापर्यंत नेऊन पोचवणे, हे पक्षाचे काम आहे. तिकडे पाणी महाग नाही. महाग आहे तो नफा, आणि त्याची किंमत येथे, त्यांच्या छातीत साचणाऱ्या धुळीने चुकवली जाते. हे त्यांना ज्या दिवशी उमगेल आणि त्या संघटित होतील, त्या दिवशी मराठी भाषेलाही 'पानिपत' ह्या शब्दाचा दुसरा अर्थ शिकावा लागेल.